इस्पिकचा गुलाम: जिंकलेल्या एका डावाची चिरफाड

फोटो रात्री उशिरा आला. खाली एकच ओळ होती: "बघ, बसला की नाही फ्लश!"

व्हिडिओ पोकरच्या पडद्याचा फोटो. फ्लश म्हणजे पाचही पत्ते एकाच चिन्हाचे. तळाशी पाच पत्ते, पाचही बदाम: गुलाम, नव्वी, छक्की, दुर्री आणि शेवटी राजा. पहिल्या चारांवर 'होल्ड'ची, म्हणजे ठेवल्याची, पट्टी. लावलेले क्रेडिट ३, मिळालेले १५. पाठवणारा माझा जुना मित्र. पत्ते कुटण्यात आयुष्य गेलेलं, पण मशीनवर नवखा. मी विचारलं, राजाच्या जागी आधी काय होतं? उत्तर लगेच आलं, चांगलंच फुशारलेलं: "इस्पिकचा गुलाम. जोडी मोडली. हिंमत लागते!"

हिंमत लागते, हे कबूल. पण डाव चुकला होता. तोही एका जागी नाही, तीन जागी, आणि तिन्ही चुका त्याच फोटोत मांडून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. जिंकलेल्या माणसाला 'तू चुकलास' हे पटवणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. हरलेला निदान ऐकून तरी घेतो. म्हणून शब्दांत न शिरता मी थेट मोजायला बसलो. ते मोजलेलंच इथे मांडतो आहे, कारण हा खेळ कसा चालतो ते या एका डावात बऱ्यापैकी सापडतं.

खेळ कुठला ते आधी. 'जॅक्स ऑर बेटर' हा व्हिडिओ पोकरचा सर्वांत साधा प्रकार. मशीन पाच पत्ते वाटतं, हवे ते ठेवायचे, उरलेले एकदाच बदलायचे, आणि शेवटी हातात जे बनेल त्याचे पैसे वरच्या तक्त्याप्रमाणे. समोर कोणी खेळाडू नाही, त्यामुळे कुणाचा चेहरा वाचायचा नाही आणि थापही मारता येत नाही. किमान गुलामाची जोडी झाली तर लावलेले क्रेडिट परत मिळतात. दश्शीची किंवा त्याखालची जोडी असेल तर काही नाही. हे मशीन १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या नेवाडात साय रेड यांच्या कंपनीने चालतं केलं. तेव्हापासून प्रकार कितीतरी निघाले, पण शिकायला अजूनही हाच बरा.

आता फोटोचा वरचा भाग. पहिली चूक तिथेच आहे. पत्त्यांच्या वर पाच रकान्यांचा तक्ता असतो: एक क्रेडिट लावलं तर किती, दोन लावले तर किती, असा पाचापर्यंत. मित्राने तीन लावले होते म्हणून तिसरा रकाना उजळलेला. त्यात फुल हाउससमोर (तीन सारखे आणि एक जोडी) २४ आणि फ्लशसमोर १५. तीनाने भागा: आठ आणि पाच. म्हणजे हे 'आठ-पाच'चं मशीन. याच खेळाचं चांगलं मशीन 'नऊ-सहा'चं असतं, फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा. बाकी सगळ्या ओळी दोन्हीकडे सारख्या: स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाचे पाच सलग) ५०, चार सारखे २५, स्ट्रेट (कुठल्याही चिन्हांचे पाच सलग) ४, तीन सारखे ३, दोन जोड्या २, मोठी जोडी १.

एकेका क्रेडिटचा फरक, त्यात काय एवढं? मित्रही हेच म्हणाला. पण नीट खेळणाऱ्याच्या हातात फुल हाउस साधारण ८७ डावांत एकदा बनतं आणि फ्लश ९१ डावांत एकदा. म्हणजे दोन्हीचं प्रमाण एक टक्क्याच्या थोडं वर. त्या ओळीतलं एक क्रेडिट कापलं की एकूण परताव्यातून तेवढाच टक्का जातो. नऊ-सहावर बिनचूक खेळलं तर दीर्घकाळात शंभरामागे ९९.५४ परत येतात. आठ-पाचवर ९७.३०. वाचायला दोन्ही आकडे शंभराच्या जवळचेच वाटतात, म्हणून ते उलटे करून बघावे लागतात: एकीकडे शंभराला अर्ध्याहून कमी जातं, दुसरीकडे पावणेतीन. पाच क्रेडिटने तासाला सहाशे डाव खेळले तर तीन हजार क्रेडिट फिरतात. त्यात नऊ-सहावर सरासरी चौदाएक क्रेडिट जातात आणि आठ-पाचवर एक्क्याऐंशी. हे बिनचूक खेळणाऱ्याचं झालं. एकाच खेळाचं एकच नाव, पडदाही तसाच, आणि खर्च जवळजवळ सहापट.

मशीन कुठूनतरी पत्ते फिरवून हे सगळं उलटंपालटं करत नसेल कशावरून, असा प्रश्न येतोच. नेवाडाच्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष पत्त्यांच्या खेळाची नक्कल करणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या बावन्न पत्त्यांच्या कॅटइतकीच असावी लागते. त्यामुळे मालकाला कमीजास्त करायला जागा उरते ती तक्त्यात, आणि तक्ता तर काचेवर लिहिलेला. स्लॉट मशीनचं असं नाही. तिथे चाकावरचं चित्र किती वेळा येणार ते बाहेरून कळायला मार्ग नसतो. (सगळीकडे हाच नियम आहे असं मात्र धरून चालू नये. अमेरिकेतच काही ठिकाणी पोकरसारखी दिसणारी अशी यंत्रं असतात, ज्यांचा निकाल आत चाललेल्या बिंगोवर ठरतो. तिथे पत्ते नुसते शोभेला, आणि पुढचा सगळा हिशेब फुकट.)

दुसरी चूक लावलेल्या क्रेडिटमध्ये. तीनच का लावलेस, विचारलं तर म्हणाला, "एक म्हणजे भित्रेपणा, पाच म्हणजे उधळपट्टी. मधला मार्ग." एरवी शहाणपणाचं वाटेल असं उत्तर. पण तक्त्यातली सगळ्यात वरची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंत) एका क्रेडिटवर २५०, दोनवर ५००, तीनवर ७५०, चारवर १,०००. पाचवर १,२५० असायला हवेत, पण तिथे ४,००० लिहिलेले असतात. शेवटच्या पायरीवर दर क्रेडिटमागे २५० चे एकदम ८०० होतात. रॉयल साधारण चाळीस हजार डावांत एकदा येतो. म्हणजे अनेकांना कित्येक महिने दिसतही नाही. तरी त्या एका उडीमुळे परताव्यात एक टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. नऊ-सहावर सुद्धा एकेक क्रेडिटने खेळलं तर ९९.५४ ऐवजी ९८.४ च्या आसपासच मिळतात. पाच झेपत नसतील तर तीन लावण्यापेक्षा लहान किमतीच्या क्रेडिटचं मशीन शोधावं आणि तिथे पाच लावावेत. मधला मार्ग या तक्त्यात ठेवलेलाच नाही.

म्हणजे पत्ते वाटण्याआधीच मित्र शंभराला ९६ च्या जवळपास येऊन बसला होता. आता मुख्य प्रकरण, इस्पिकच्या गुलामाचं.

वाटलेले पाच पत्ते असे: बदाम गुलाम, इस्पिक गुलाम, बदाम नव्वी, बदाम छक्की, बदाम दुर्री. वाटा दोन. चार बदाम ठेवून एक पत्ता मागायचा, नाहीतर दोन गुलाम ठेवून तीन मागायचे.

पहिली वाट बोटांवर मोजता येते. बावन्नातले पाच डोळ्यांसमोर, राहिले सत्तेचाळीस. बदाम तेरा असतात, चार हातात, म्हणजे नऊ बाकी. त्या नवांपैकी कुठलाही आला की फ्लश, आठ-पाचच्या तक्त्यावर प्रत्येकी ५: झाले ४५. उरलेल्या दोन गुलामांपैकी एखादा आला तर जोडी, प्रत्येकी १: आणखी २. एकूण ४७, भागिले ४७. बरोबर एक. लावलेल्या प्रत्येक क्रेडिटमागे सरासरी एकच क्रेडिट परत. इतका गोल आकडा क्वचितच निघतो, म्हणून मी पुन्हा एकदा मोजला. बरोबर होता.

म्हणजे मित्राने हिंमत करून जे घेतलं ते सरासरीत 'जेवढे लावले तेवढे'. आणि तेही कसं? सत्तेचाळीसपैकी छत्तीस पत्त्यांवर हातात शून्य. चारातल्या तीन वेळांहून जास्त.

दुसरी वाट बोटांवर मावत नाही. सत्तेचाळीसमधून तीन पत्ते १६,२१५ प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी ४५ वेळा चार गुलाम, १६५ वेळा फुल हाउस, १,८५४ वेळा तीन गुलाम, २,५९२ वेळा दोन जोड्या. राहिलेल्या ११,५५९ वेळा काहीच सुधारत नाही, पण गुलामांची जोडी तर हातात आहेच. प्रत्येकाला तक्त्यातल्या भावाने गुणून बेरीज केली की २४,७५० येते. भागिले १६,२१५, म्हणजे १.५३ च्या किंचित आत.

एक विरुद्ध दीड. प्रत्येक क्रेडिटमागे अर्ध्याहून जास्त क्रेडिट मित्राने टेबलावर सोडलं. तीन लावले होते, म्हणजे त्या एका निर्णयाची किंमत दीड क्रेडिटच्या थोडी वर. मिळालेल्या पंधरामध्ये ती दिसत नाही, एवढंच.

यात मला सगळ्यात बोलका वाटतो तो ११,५५९ चा आकडा. शंभरात एकाहत्तर वेळा तीन नवे पत्ते येतात आणि काहीही होत नाही. खेळणाऱ्याला तो डाव वाया गेल्यासारखा वाटतो. पण पैसे परत आलेले असतात. गुलामांच्या जोडीला तळ आहे, त्याखाली ती जात नाही. चार बदामांना तळ नाही. आणि हा तळ किरकोळ समजू नये. नऊ-सहाच्या ९९.५४ पैकी २१.४६ नुसत्या मोठ्या जोडीतून येतात, २५.८६ दोन जोड्यांतून, २२.३३ तीन सारख्यांतून. तिन्ही मिळून सत्तरच्या घरात. रॉयल फ्लश, ज्याच्या आशेवर माणसं बसून राहतात, त्याचा वाटा दोनाच्याही आत. हा खेळ चालतो तो चिल्लरीवर.

मित्राला आकडे पाठवले. त्याने ते वाचले असावेत, कारण उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: "पण बदाम आलाच ना? दोन गुलाम ठेवले असते तर पंधरा कुठून मिळाले असते?"

याला उत्तर द्यायचं म्हणजे निकाल आणि निर्णय वेगळे धरावे लागतात, आणि ते जिवावर येतं. पुढचा पत्ता माहीत असता तर निर्णयाची गरजच नव्हती. बटण दाबण्याच्या क्षणी त्याच्या हाती होते फक्त सत्तेचाळीस अनोळखी पत्ते. त्यांतले नऊ कामाचे, दोन बरे, छत्तीस कुचकामी. त्या कामाच्या नवांतला एक निघाला. ठीक आहे, पंधरा क्रेडिट त्याचेच. पण हाच डाव पुन्हा पुन्हा पडणार आहे, आणि पुढच्या वेळी राजा बदामचाच असेल असं नाही.

मग मी त्याला विचारलं, ही सवय लागली कुठून? कारण चूक अगदी अडाण्याची नव्हती, कुठेतरी अर्धं शिकलेल्याची होती. तसंच निघालं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं: एकाच चिन्हाचे चार पत्ते असतील तर जोडी मोडायची. सांगणाऱ्याचं पूर्णपणे चुकलं नव्हतं. तेच पत्ते घ्या, फक्त जोडी सत्तीची करा: बदाम गुलाम, बदाम नव्वी, बदाम सत्ती, बदाम दुर्री आणि इस्पिकची सत्ती. चार बदाम ठेवले तर नऊ बदामांचे ४५ आणि तीन गुलामांचे ३, एकूण ४८ भागिले ४७, म्हणजे १.०२. सत्त्यांची जोडी ठेवली तर? तेच १६,२१५ प्रकार, पण सुधारणा न झालेल्या ११,५५९ वेळा आता शून्य. बेरीज १३,१९१ वर येते आणि सरासरी ०.८१ वर. इथे इस्पिकची सत्ती फेकणंच बरोबर. तशीच एक जोडी, तसेच चार बदाम, आणि निर्णय उलटा. कारण एकच: सत्तीच्या जोडीला तळ नाही. मित्राला नियम मिळाला होता, पण नियमाची हद्द सांगायची राहून गेली होती.

म्हणून मी पाठ केलेल्या एकोळी नियमांवर फारसा विश्वास ठेवत नाही. ठेवायचाच तर उतरंडीवर ठेवावा, म्हणजे काय आधी राखायचं त्याच्या क्रमावर. नऊ-सहासाठी तिचा जो भाग इथे लागतो तो असा: बनलेला रॉयल, स्ट्रेट फ्लश किंवा चार सारखे असतील तर हात लावायचा नाही, त्याखाली रॉयलचे चार पत्ते, मग बनलेलं फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखे, मग स्ट्रेट फ्लशचे चार, मग दोन जोड्या, मग मोठी जोडी, तिच्याखाली रॉयलचे तीन, मग फ्लशचे चार, आणि त्यानंतर लहान जोडी. मित्राचा सगळा घोटाळा शेवटच्या चार पायऱ्यांत आहे. फ्लशचे चार हे दोन प्रकारच्या जोड्यांच्या मध्ये बसले आहेत, मोठ्या जोडीच्या खाली आणि लहान जोडीच्या वर.

या उतरंडीतली एक गोष्ट बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोठी जोडीसुद्धा मोडायची वेळ येते. बदाम गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी आणि इस्पिकचा गुलाम. पुन्हा जोडी आणि चार बदामच, पण आता बदाम सलग आहेत. बदाम राणी किंवा बदाम सत्ती आली तर स्ट्रेट फ्लश, प्रत्येकी ५०. बाकीचे सात बदाम आले तर फ्लश, आठ-पाचच्या भावाने ३५. इतर सहा राण्या-सत्त्यांवर स्ट्रेट, २४. दोन गुलाम, २. एकूण १६१, भागिले ४७: ३.४३. दीडाच्या दुपटीहून जास्त. इथे इस्पिकचा गुलाम खुशाल फेकावा. आणि बदाम दश्शी, गुलाम, राणी, राजा असतील तर विचारायलाच नको. पाच लावले तर दर क्रेडिटमागे सरासरी एकोणीसच्या पुढे जाते. मित्राच्या तीन क्रेडिटवर मात्र पावणेआठच्या थोडी वर. पत्ते तेच, भाव निम्म्याहून कमी. मघाच्या मधल्या मार्गाची किंमत इथे येऊन दिसते.

टेबलावरच्या पोकरचा हात असलेल्याला आणखी एक खोड असते, मित्रालाही आहे: जोडीबरोबर एक्का धरून ठेवायचा. माणसांसमोर त्याचा उपयोग होतो, कारण तिथे बरोबरीत मोठा पत्ता जिंकवतो. इथे बरोबरी कोणाशी? दोन गुलाम आणि एक्का ठेवला तर आठ-पाचवर सरासरी १.५३ वरून १.४१ वर येते. तीन पत्ते मागायचे सोडून दोनच मागितले की तीन गुलाम होण्याची वाट अरुंद होते.

एवढं सगळं झाल्यावर मित्र तीन-चार दिवस गप्प होता. मग दुसरा फोटो. मी पत्त्यांआधी वर बघितलं. पाचवा रकाना उजळलेला, फुल हाउस ४५, फ्लश ३०. नऊ-सहा. न सांगता मशीन बदललं होतं आणि पाच लावले होते. याचा मला पंधरा क्रेडिटच्या फ्लशपेक्षा जास्त आनंद झाला, आणि मी तो त्याला कळवला नाही.

खाली पत्ते, अजून न बदललेले: बदाम राजा, बदाम राणी, बदाम गुलाम, इस्पिक गुलाम, किलवर चौरी. सोबत प्रश्न: "आता?"

पुन्हा तोच इस्पिकचा गुलाम. रॉयलचे तीन पत्ते विरुद्ध मोठी जोडी. उतरंड सांगते जोडी, पण किती फरकाने ते मी कधी स्वतः मोजलं नव्हतं. कागद घेतला. राजा-राणी-गुलाम ठेवून दोन पत्ते मागायचे तर १,०८१ प्रकार. रॉयल एकदाच, ८००. बदाम दश्शी-नव्वी आली तर स्ट्रेट फ्लश, ५०. फ्लश त्रेचाळीस वेळा, २५८. स्ट्रेट तीस वेळा, १२०. तीन सारखे सात वेळा, २१. दोन जोड्या एकवीस वेळा, ४२. मोठी जोडी, एक्क्यांची धरून, ३१८ वेळा. बेरीज १,६०९. भागिले १,०८१, म्हणजे १.४९. इथे दोन गुलामांची किंमत १.५४. फरक जेमतेम पाच शतांशांचा, आणि १,६०९ पैकी निम्मे त्या एकट्या रॉयलचे.

'दोन्ही गुलाम ठेव, पण निसटतं आहे,' असं लिहून पाठवलं. वर आकडे जोडले. तोवर पंचवीस मिनिटं गेली होती आणि त्याने ड्रॉचं, म्हणजे पत्ते बदलायचं, बटण केव्हाच दाबलं होतं. काय ठेवलं ते त्याने सांगितलं नाही. फोटोही पाठवला नाही.